तीन गंजके वस्तरे: कामाच्या नोंदी

४ जानेवारी, शनिवार

जुन्या सामानात पत्र्याच्या एका डब्यात तीन वस्तरे हाती लागले. तिन्ही गंजलेले. घरच्या घरी दुरुस्त करून त्यांनी दाढी करायची, असं ठरवलंय. आणखी कोणी हेच काम काढलं तर माझ्या चुका त्याच्या उपयोगी पडाव्यात म्हणून लिहून ठेवतोय. खर्च पैशांत मांडत नाही. किती तास गेले आणि किती कागद झिजले तेवढं मोजणार आहे.

पहिला: दांडीवर (पातं आणि मूठ यांच्यामधल्या जाड भागावर) ‘सोलिंगन’ आणि ‘जर्मनी’ असे शिक्के. पातं दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेलं, इतकं पातळ की टिचकी मारली की टिंग वाजतं. रुंदी १६ मिलिमीटर, वस्तऱ्यांच्या मापात पाच अष्टमांश इंच. मूठ काळ्या कडक रबराची, शाबूत. गंज वरवरचा दिसतो, मधूनमधून काळे ठिपके.

दुसरा: नुसतं ‘शेफील्ड’ आणि वर मुकुटाचा छाप. हे इंग्लंडमधलं शहर, पण देशाचं नाव नाही. अमेरिकेच्या १८९०च्या जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं झालं, त्यामुळे नुसतं गावाचं नाव असलेला वस्तरा त्याआधीचा असण्याची शक्यता जास्त. शक्यताच, पुरावा नाही. पातं जाड, पाचरीसारखं, २२ मिलिमीटर रुंद. मूठ शिंगाची. ती वाकलीय आणि किड्यांनी दोन ठिकाणी पोखरलीय.

तिसरा: मूठ कासवाच्या पाठीसारखी पिवळी-तपकिरी, दिसायला तिघांत सुंदर. पात्यावर मात्र मुठीच्या आत राहणाऱ्या भागात जाड गंज, बाहेरच्या दांडीवर जवळजवळ काहीच नाही. हे विचित्र वाटलं, पण तिथे थांबून विचार केला नाही. तो करायला हवा होता. का ते पुढे येईल.

दहापट दाखवणारं भिंग घेऊन तिन्ही धारा टाचेपासून (दांडीकडच्या टोकापासून) पुढच्या टोकापर्यंत पाहिल्या. चीर कुठे दिसली नाही. पातळ पात्यात चीर असेल तर टिचकीचा आवाज मेल्यासारखा येतो. जाड पाचरी पातं मुळातच वाजत नाही, तिथे भिंगावरच भरवसा.

५ जानेवारी

काम सुरू व्हायच्या आधीच रक्त. गंजलेला वस्तरा बोथट असतो असं मी गृहीत धरलं होतं. पहिला चिंध्यांनी पुसताना फडकं धारेच्या लांबीने ओढलं, ते मधेच दुमडलं आणि तर्जनी कापली. खोल नाही, पण दोन दिवस बोट कामाला नाही.

आता नियम केलाय: आधी धार मारायची. काचेच्या बाटलीच्या तळाच्या कडेवर धार उभी टेकवून तीनदा अलगद ओढली की ती मरते. नंतर दगडावर ती नव्याने बसवायचीच असते, त्यामुळे जातंय काहीच नाही. पुसायचं ते नेहमी पाठीकडून धारेकडे, बोटं पाठीच्या बाजूला.

साबण, जुना दातांचा ब्रश, मग स्पिरिट. वस्तरा कोणाच्या चेहऱ्यावर फिरलाय ते ठाऊक नसतं, म्हणून स्पिरिट दोनदा. तेल लावून अर्धा तास ठेवलं आणि बारीक स्टील वूलने घासलं. लाल गंज बराच सुटला, काळा हलला नाही.

संध्याकाळी हात शिवशिवले. व्हिनेगरने गंज जातो हे माहीत होतं. उंच ग्लासात व्हिनेगर भरलं, पहिल्याची मूठ उलटी उघडून बाहेर ठेवली, पातं आत उभं केलं आणि झोपायला गेलो.

६ जानेवारी

नऊ तास! सकाळी ग्लासातलं पाणी काळं आणि पातं दगडी पाटीसारखं राखाडी. गंज गेला, कबूल. पण आम्ल गंजापाशी थांबत नाही, त्याखालचं पोलादही खातं. जिथपर्यंत व्हिनेगर होतं तिथे दांडीच्या मुळाशी आडवी रेघ उमटलीय, नख अडकेल इतकी. हवा आणि आम्ल जिथे मिळतात तिथे ते सगळ्यात जोरात खातं. पात्यावर पुसट कोरीव नक्षी होती, तीही गेली.

पाण्याने धुतलं, खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवलं आणि पुसायला फडकं शोधेपर्यंत पात्यावर नवा तांबूस थर! ओलं उघडं पोलाद दहा मिनिटंही थांबत नाही. हे जुनं साधं कार्बन पोलाद. न गंजणारं पोलाद १९१३ नंतरचं, त्याच्या सवयी इथे लावू नयेत. फडकं आणि तेल आधी हाताशी ठेवायचं, मग पातं पाण्यातून काढायचं.

व्हिनेगर वापरायचंच असेल तर पंधरा-वीस मिनिटं, समोर बसून, मधे मधे काढून ब्रश मारत. बाकी दोघांना मी ते लावणार नाही.

११ आणि १२ जानेवारी

दोन दिवस नुसतं घासकाम. पहिल्यावर सात तास.

पद्धत: बाटलीच्या बुचाला पाण्यात चालणारा पॉलिश पेपर गुंडाळायचा. बूच दाबलं की खोलगट भागात बसतं, बोटाने घासलं तर दाब एकाच जागी येऊन लाटा पडतात. पातं लाकडी पट्टीवर चिकटपट्टीने सपाट बसवायचं, धार पट्टीच्या आत, म्हणजे खालून आधार मिळतो. हवेत धरून घासलं तर पातळ पातं लवतं, आणि एका क्षणी लवत नाही, तुटतं.

चूक: सुरुवात २२० नंबरने केली (नंबर जितका लहान तितका कागद भरड). काळे ठिपके लवकर जावेत म्हणून. ठिपके निम्मे गेले, पण २२०चे ओरखडे काढायला ४००चे चार कागद आणि सात तासांपैकी साडेतीन तास गेले. सुरुवातीच्या कागदाने जे ओरबाडलं ते निस्तरायचं काम पुढच्या प्रत्येक कागदावर पडतं. दुसऱ्या वस्तऱ्याला सरळ ४०० लावेन, आणि ६०० ने भागत असेल तर तोही नाही.

एक युक्ती लागू पडली. प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदलायची: ४०० पाठीकडून धारेकडे, ६०० लांबीने, १००० पुन्हा आडवा. आधीच्या नंबरचे ओरखडे उलट दिशेचे असल्याने लगेच दिसतात. ते पूर्ण जाईपर्यंत पुढचा कागद हातात घ्यायचा नाही. लांबीने घासताना कागद धारेच्या अलीकडेच ठेवायचा.

आणखी एक नुकसान झालं. दांडीवरचा शिक्का ‘चकचकीत’ करायला गेलो आणि ‘सोलिंगन’मधली दोन अक्षरं फिकी झाली. शिक्का उथळ असतो. तिथे फक्त पॉलिशची पेस्ट आणि कापड.

पाठीजवळ तीन खोल खड्डे उरलेत. खड्डा काढायचा म्हणजे खड्डा भरायचा नसतो, त्याच्याभोवतीचं सगळं पोलाद त्याच्या तळापर्यंत खाली आणायचं असतं. तेवढं पोलाद या पात्यात नाही. खड्डे राहणार. मन मानत नव्हतं, तरी.

धाकटा भाऊ आला होता. पातं उजेडात फिरवून म्हणाला, “दादा, चमकतोय झकास. दाढी होते का पण?”

“अजून धार कुठे लावलीय?”

“मग सात तास काय केलंस?”

उत्तर नव्हतं.

१८ जानेवारी

आज सगळ्यात मोठी चूक. हाताने घासून कंटाळलो होतो. खड्ड्यांचा मोह सुटला नव्हता. हातात धरायचं फिरतं यंत्र काढलं, नमद्याचं चाक लावलं, वर पॉलिशची पेस्ट.

पहिली दहा मिनिटं जादू. टोकाकडे गेलो आणि एक डाग जात नाही म्हणून तिथेच रेंगाळलो, फार तर सहा-सात सेकंद. चाक उचललं तर टोकाला तीन मिलिमीटरचा निळा पट्टा आणि त्याच्या मागे गवती पिवळी छटा.

लोहारकाम केलेल्याला हे रंग पाहूनच पोटात गोळा येईल. पोलादावर पिवळसर छटा साधारण २२० अंश सेल्सियसला येते, निळी ३००च्या आसपास. कारखान्यात पात्याला दिलेलं पाणी, म्हणजे कडकपणा, तिथे उतरलं. रंग पॉलिशने दोन मिनिटांत जाईल, पण पाणी परत येणार नाही, आणि त्या जागी धार टिकणार नाही. रंग घालवून गप्प बसणं म्हणजे स्वतःलाच फसवणं. जुने वस्तरे विकत घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: फार चकाकणारं पातळ पातं दिसलं तर ते चाकावर गेलंय का हे आधी विचारावं. डोळ्यांना कळत नाही.

यंत्र वापरायचंच तर जाड दांडीवर आणि पाठीवर, चार सेकंद चाक, मग बोट टेकवून बघायचं. बोट ठेववलं नाही तर पाण्यात बुडवायचं. हातमोजे घातले की हे बोट बधिर होतं, म्हणून मोजे नाहीत, डोळ्यांवर चष्मा मात्र हवाच. चाक नेहमी धारेवरून बाहेर फिरून जायला हवं. उलटं फिरलं तर धार चाकात रुतते आणि वस्तरा हातातून उडतो. माझा उडाला नाही, एवढंच नशीब.

१९ जानेवारी

रात्रभर विचार करून टोक कापायचं ठरवलं. निळा तीन आणि पिवळा तीन, एकूण सहा मिलिमीटर. भरड हिऱ्याच्या पट्टीवर, वर सतत पाण्याची धार धरून, हाताने. तीन तास दहा मिनिटं. टोक आधी चौकोनी होतं, आता गोल झालंय. गोल टोकाचे वस्तरे असतातच, आणि शिकाऊ माणसाला ते बरेच, कानाशी टोचत नाहीत. पण पातं आखूड झालं ते झालं.

तेल लावून पहिला पुन्हा डब्यात, इतर दोघांसोबत. झाकण घट्ट.

२५ जानेवारी

आठवडाभराने डबा उघडला. आधी वास आला, कापराचा आणि काहीतरी आंबट. पहिल्याच्या पात्यावर, तेल लावलेलं असूनही, नारिंगी ठिपक्यांची रांगोळी. ये रे माझ्या मागल्या!

गुन्हेगार तिसरा निघाला. त्याची सुंदर मूठ सेल्युलॉइडची आहे. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. ते म्हातारं होऊन कुजू लागलं की त्यातून आम्लयुक्त वायू सुटतात आणि जवळचं पोलाद खातात. ४ जानेवारीला जे विचित्र वाटलं होतं त्याचा अर्थ आज लागला: मुठीच्या आत राहणारा भागच गंजला होता, कारण विष मुठीत होतं. उजेडासमोर धरल्यावर मुठीच्या दोन पट्ट्यांपैकी एकीच्या मधोमध साखर विरघळल्यासारखी पांढुरकी जाळी दिसली. नखाने दाबलं तर चुरा पडला.

याला औषध नाही. पॉलिश करून, तेल लावून कुजणं थांबत नाही. आणि हा पदार्थ भडकून पेटतो, म्हणून ड्रिल नाही, यंत्र नाही, विस्तव जवळ नाही. पिनांची डोकी कानशीने घासून काढली, पट्ट्या वेगळ्या केल्या आणि पाण्याच्या बरणीत घालून घराबाहेर ठेवल्या.

तिसऱ्याचं पातं भिंगाखाली पाहिलं. खड्डे थेट धारेपर्यंत पोचलेत. तरी आशा म्हणून १००० नंबरच्या दगडावर पन्नास हात मारले. धार येते न येते तोच बिस्किटासारखे तुकडे निघाले. मागे घासत गेलो तर पुढचा खड्डा. तिथेच सोडलं. खड्डे पाठीकडे असतील तर ते सौंदर्याचा प्रश्न, धारेपाशी असतील तर वस्तरा संपला. हे मी पहिल्या दिवशी भिंगातून पाहिलं होतं, पण तेव्हा फक्त चिरा शोधत होतो.

पहिल्याचे ठिपके १००० आणि २०००च्या कागदांनी निघाले. दीड तास. आता प्रत्येक वस्तरा वेगळा, उघड्या हवेत.

१ फेब्रुवारी

दुसऱ्याची मूठ सोडवली. पिनेचं डोकं सपाट कानशीने वॉशरपर्यंत घासायचं, मधोमध टोच्याने खूण करायची, दीड मिलिमीटरच्या ड्रिलने थोडंसं खोदायचं आणि मागून ठोकून पिन बाहेर काढायची. पहिली पिन छान निघाली. दुसऱ्या पिनेला खुणेचा कंटाळा केला, ड्रिल घसरलं आणि शिंगाला भोकापासून कडेपर्यंत चीर गेली. दोन मिनिटं वाचवली, त्याची किंमत पुढे दोन संध्याकाळी.

मुठीच्या शेवटची, दोन पट्ट्यांमधली पाचर राखाडी आणि जड निघाली. नखाने ओरखडा पडतो, म्हणजे शिसं. जुन्या शिंगाच्या मुठींत हे नेहमी सापडतं. ती कोरडी घासू नये, भुकटी उडते आणि पोटात जाते. मी ओल्या कापडाने पुसली, कापड टाकून दिलं, हात दोनदा धुतले आणि पाचर जशी होती तशी बाजूला ठेवली. तिच्या वजनामुळे वस्तरा हातात तोललेला राहतो, म्हणून बदलायची नाही.

२ फेब्रुवारी

शिंग सरळ करायला सोपं गेलं. गरम पाण्यात (उकळत्या नव्हे) दहा मिनिटं, मग दोन सपाट फळ्यांमध्ये शिकंजाने आवळून पूर्ण थंड होऊ द्यायचं. शिंग उष्णतेने मऊ होतं आणि ज्या आकारात थंड होईल तो धरतं. पहिल्यांदा तासाभरात काढलं तर ते पुन्हा वाकलं. दुसऱ्यांदा रात्रभर ठेवलं.

चीर आणि किड्यांचे खड्डे: शिंगाच्याच कडेची भुकटी खड्ड्यात दाबून वर पातळ सुपरग्लूचा थेंब. क्षणात दगड होतो. घासून सपाट केल्यावर डाग दिसतो, लपत नाही, पण बोटाला लागत नाही. शिंग घासताना जळक्या केसांचा वास येतो, खिडकी उघडी ठेवा. नंतर पट्ट्या तीन दिवस तेलात. शिंग तेल पितं आणि त्याची ठिसूळ चमक जाऊन काळसर खोली येते. एवढं एक काम मनासारखं झालं.

पातं: ४००, ६००, १०००, तिथेच थांबलो. चार तास. आरसा नको, काळे डाग राहू दिले.

१५ फेब्रुवारी

पिना बसवणं. तिसऱ्याचं मेलेलं पातं आणि लाकडाचे तुकडे घेऊन आधी सराव केला, आणि तो केला म्हणून वाचलो. सरावात पाचपैकी तीन पिना बिघडल्या.

पितळेची १.६ मिलिमीटर जाडीची तार. दोन्हीकडे वॉशर, बाहेर फक्त एक मिलिमीटर ठेवायचं. मी आधी दोन ठेवलं. एवढी लांब पिन ठोकली की डोकं बनत नाही, पिन आतच वाकते आणि भोकाभोवती लाकूड फुटतं. दुसरी चूक हातोडीची. जोरात दहा घाव घालण्यापेक्षा अगदी हलके शंभर घालायचे, कडेकडेने, दर वीस घावांनी वस्तरा उलटून दुसरी बाजू. डोकं कळीसारखं हळूहळू उमलतं. कानाने ऐकत राहायचं: आवाज टक् टक् वरून खणखणीत झाला की पुरे. त्यापुढचा प्रत्येक घाव शिंगाला जातो.

दुसरा जोडला, मिटला, तर धार डाव्या पट्टीला टेकते! पुन्हा पिन काढायची तयारी केली होती, पण आधी पाचर पाहिली. मी ती उलटी बसवली होती. तिची जाडी एका टोकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी असते, त्या उताराने दोन्ही पट्ट्या सारख्या फुगतात आणि पातं मधोमध बसतं. एक पिन वाया, चाळीस मिनिटं. आता पातं मधोमध आहे, कागदाची घडी दोन्हीकडून जाते.

२२ फेब्रुवारी

आता धार. खरं तर सगळा खटाटोप यासाठी होता आणि याला मी सात आठवड्यांनी हात लावतोय.

आधी दगड सपाट. काचेवर २२०चा ओला कागद, दगडावर पेन्सिलीच्या चौकटी, त्या सगळ्या पुसल्या जाईपर्यंत घासायचं. माझ्या १०००च्या दगडाला मधे खोलगा होता, पस्तीस मिनिटं लागली.

वस्तऱ्याला कोन धरावा लागत नाही, ही त्याची गंमत. पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकतात आणि पाठीची जाडी कोन ठरवते. पहिल्याची पाठ ४.४ मिलिमीटर, रुंदी १६: कोन जवळजवळ १५.८ अंश. पाठीवर विजेच्या कामाची चिकटपट्टी एक थर लावली, साधारण ०.१५ मिलिमीटरची, तर दोन्ही बाजूंची मिळून १६.९. म्हणजे एक थर, एक अंश. ती पाठीची झीजही वाचवते. पण एकदा थर लावून सुरुवात केली की शेवटपर्यंत तेवढेच थर ठेवायचे, आणि फाटली की लगेच बदलायची.

दुसऱ्याला चिकटपट्टी न लावता बसलो, आणि अडीच तास पालथ्या घड्यावर पाणी. पाचरी पात्याची बाजू जवळजवळ सपाट असते, त्यामुळे अख्खी बाजूच दगडाला लागते आणि धारेला काही मिळत नाही. दोन थर लावले आणि चाळीस मिनिटांत काम पुढे सरकलं.

धारेला काळा मार्कर फासला आणि दोन हात मारून भिंगातून पाहिलं. एका बाजूला टाच आणि टोक पुसलं गेलं, मधलं काळंच. दुसऱ्या बाजूला बरोबर उलटं. म्हणजे पातं किंचित वाकलंय, केळ्यासारखं. ते सरळ करायला जाऊ नये, मोडतं. दगडाच्या अर्ध्याच रुंदीवर, टाचेकडून टोकाकडे तिरपं ओढत, शेवटी मनगट किंचित उचलून घासलं, तेव्हा सगळीकडचं काळं पुसलं गेलं.

२३ फेब्रुवारी

पहिल्याला काल रात्री १०००वर वीस मिनिटं देऊन उतावीळपणे ४०००, ८०००, १२००० सगळं करून टाकलं होतं. धार आरशासारखी चमकत होती आणि हातावरचा एक केस कापला जात नव्हता. पुन्हा मार्कर. टाचेकडचे दीड सेंटिमीटर दोन्ही बाजू मिळालेल्याच नव्हत्या. न बसलेल्या धारेला कितीही पॉलिश करा, ती चकचकीत बोथटच राहते. खाली १०००वर आलो, मुकाट्याने.

आता कसोटी ठरवली: १०००वरच हातावरचे केस, त्वचेला लगटून, टाच-मध्य-टोक तिन्ही जागी विनासायास कापले गेले पाहिजेत. शिवाय दिव्याखाली धार उभी धरली तर तिच्यावर चमकणारी बारीक रेघ दिसता कामा नये. रेघ दिसते म्हणजे तिथे सपाटी आहे. या दोन्हींत पास झाल्याशिवाय ४०००ला हात लावायचा नाही. एक तास दहा मिनिटं लागली. पुढचे सगळे दगड मिळून पंचवीस मिनिटं. वर जाताना दाब कमी करत जायचा, शेवटच्या दगडावर तर पात्याचं वजन पुरे.

कापलेल्या टोकापाशी धार टिकली. निळा भाग पुरता गेला होता.

१ मार्च

चामड्याचा पट्टा. इथे पाठ पुढे आणि धार मागून येते, दगडाच्या उलट. तिसाव्या फेरीला वळवताना पाठीवर न वळवता धारेवर वळवला. पट्ट्यात चंद्रकोरीएवढा काप! कापाचं पान चिकटवलं, कडा ४००च्या कागदाने घासली. पट्टा चालतो, पण दर फेरीला तिथे हाताला कळतं.

पहिली दाढी पहिल्यानेच. चेहरा गरम पाण्याने भिजवलेला, फेस दाट, पातं त्वचेशी साधारण तीस अंश. गाल झकास. हनुवटीवर ओढ लागली, डोळ्यांत पाणी. तिथे थांबलो, उरलेली दाढी रोजच्या रेझरने.

संध्याकाळी भिंगातून पाहिलं तर हनुवटीला लागलेल्या जागी धारेवर केसाएवढा पांढरा तंतू लोंबत होता. १२०००वर पुन्हा तीस हात, अगदी वजनरहित, आणि पट्ट्यावर साठ, तेव्हा तो गेला.

४ मार्च

दुसऱ्याने दाढी केली. जड पातं, हात आपोआप हलका राहतो. फेसातून जाताना आवाज नाही, पहिला मात्र कापताना कुजबुजतो. हनुवटीसकट सगळं झालं. मानेवर एक बारीक काप, तो माझ्या हाताचा, वस्तऱ्याचा नव्हे.

९ मार्च

हिशेब. पहिला: साडेएकवीस तास, त्यातले सुमारे साडेबारा व्हिनेगर, २२०चे ओरखडे, यंत्र आणि डबा या चार गोष्टी निस्तरण्यात. कागद: ४००चे सहा, ६००चे तीन, १००० आणि २०००चे पाच. दुसरा: सोळा तास आणि सरावातल्या धरून चार वाया पिना. त्याची बाजू अजून काळपट आहे आणि रोज तोच हातात येतो. तिसऱ्याच्या पात्याला भोक पाडून भिंतीवर टांगलंय, पुढच्या वेळी पिनांचा सराव करायला.

वापरल्यावर पाण्याने धुवून, पाठीकडून पुसून, तासभर उघडं वाळवतो, मग तेलाचा हात. न्हाणीघरात ठेवत नाही.

पहिल्याच्या पिनेशी, जिथे कागद पोचत नव्हता आणि मी मूठ न सोडवताच काम भागवलं होतं, तिथे आज तांबूस ठिपका दिसला. टूथपिकला कापूस गुंडाळून तेल आत घातलं. पिन काढावी लागेल बहुतेक. १.६ची तार हातभर उरली आहे.